राखेची राखण

आमच्याकडे तलावाच्या मातीच्या बांधाला 'पाळ' म्हणतात. भिवापूर, उमरेड, पवनी, नागभीड हा सगळा पट्टा मालगुजारी तलावांचा. त्यामुळे पाळ हा शब्द आम्ही मुळाक्षरांच्या आधीच शिकलो म्हणा ना! माझ्या लहानपणी मालगुजारी नुकतीच गेली होती (कायदा १९५० चा, अंमल १९५१ पासून). तलाव सरकारजमा झाले होते, पण पाळ राखायची सवय लोकांच्या अंगातून गेली नव्हती. पावसाची झड लागली, तलाव तुडुंब भरला, की रात्री चार-पाच माणसं कंदील आणि फावडी घेऊन पाळीवर फेरी मारायची. माझे वडीलही जायचे. एकदा हट्ट करून मीही मागे गेलो. पाळीच्या बाहेरच्या अंगाला, अगदी पायथ्याशी, वडील ओंजळीत पाणी घेऊन कंदिलाजवळ नेऊन पाहत होते. मी विचारलं, काय पाहता? म्हणाले, "पाझर नितळ आहे का पाहतो. नितळ असला तर पाळ फक्त घाम गाळते आहे. गढूळ आला की समज, आतली माती निघाली."

ते वाक्य मी पुढे शाळेत अनेक वर्षे मुलांना सांगितलं. निवृत्तीनंतर विसरूनही गेलो होतो. पण १६ जुलै २०२२ ला, शनिवारी, नागपूरच्या उत्तरेला खसाळा इथला राखेचा बांध फुटला आणि ते पुन्हा आठवलं.

कोराडीचं औष्णिक वीजकेंद्र सगळ्यांना माहीत आहे. देवीच्या दर्शनाला जाताना धुराडी दिसतात तेच. १९७४ पासून तिथे वीज तयार होते. आपल्याकडच्या कोळशात राख फार, शंभर किलो जाळला तर साधारण तीस-चाळीस किलो राखच उरते. ती न्यायची कुठे? सोपा उपाय म्हणजे पाण्यात कालवायची, नळातून वाहून न्यायची आणि मातीचा बांध घालून अडवलेल्या मोठ्या खाचरात सोडायची. राख खाली बसते, वरचं पाणी काढून घेतात. असे तलाव कोराडीसाठी खसाळ्याला झाले, खापरखेड्यासाठी वारेगावला झाले. अतिवृष्टीत खसाळ्याचा बांध गेला आणि राखेचा राडा शेतांत, नाल्यांत शिरून कोलार नदीकडे आणि पुढे कन्हानकडे वाहिला. सुदैवाने माणसं वाचली. पण सोयाबीन, कपाशी असलेल्या जमिनीवर करडा थर बसला. तो गाळ खताचा नव्हे. पुराचा गाळ आला की आमचा शेतकरी मनातून खूशही होतो, पण या गाळाने तो होणार नाही.

आता यातली जी गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, ती इथून सुरू होते.

पाण्याची पाळ एकदा बांधली की बांधली. तलाव भरतो, उन्हाळ्यात आटतो, पाळ तेवढीच राहते. राखेचा तलाव मात्र आटत नाही, तो फक्त भरतच जातो. भरला की बांध वाढवायचा. हा वाढीव बांध पुष्कळदा आतल्या बाजूला, आधीच साचलेल्या राखेवरच उभा करतात, कारण त्यात माती आणि पैसा कमी लागतो. पायरीवर पायरी. म्हणजे खालची पायरी मातीवर उभी आणि वरच्या पायऱ्या राखेवर! ओली राख वरून घट्ट दिसते. विरजलेल्या दह्याची कवडी कशी दिसते तशी. पण भांडं हलवलं की त्याच दह्याचं पाणी-पाणी होतं, हे घरातल्या बायकांना सांगायला नको. म्हणून शहाणपण एवढंच की पाणी बांधाजवळ येऊ द्यायचं नाही, ते लांब, मधल्या विहिरीतून काढून घ्यायचं आणि बांधाच्या पोटातले निचऱ्याचे मार्ग मोकळे ठेवायचे. हे रोज करावं लागतं. एक पावसाळाही सुट्टी नाही.

आणि रोज करायला कोण असतं? मालगुजारी तलावाची पाळ लोक राखायचे, कारण आत त्यांचं धान होतं, मासळी होती, गुरांचं पाणी होतं. राखेच्या बांधाआड कोणाचंच काही नसतं. आत असतं ते सगळ्यांनी नकोसं म्हणून टाकलेलं. घरातल्या तिजोरीवर नजर असते, उकिरड्यावर कोण नजर ठेवतो?

कायद्याचंही तसंच झालंय. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्याच दिवशी खाली खडकवासलाही गेलं, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. पुणे आमच्यापासून खूप दूर, पण आमच्या पाळीवरची माणसं त्या वर्षी जास्त वेळा फेरी मारत होती हे नक्की आठवतं. पानशेतच्या चौकशीची कहाणी तर फारच करुण. न्यायमूर्ती बावडेकरांनी काम चालू असतानाच आत्महत्या केली आणि ते काम पुढे न्यायमूर्ती नाईकांनी पूर्ण केलं. १९८० मध्ये नाशिकला धरण सुरक्षितता संघटना स्थापन झाली. धरणांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी ही आता रीत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राचा धरण सुरक्षा कायदाही आला. पण त्यातली धरणाची व्याख्या वाचा. नदीवर किंवा तिच्या उपनदीवर, पाणी अडवायला किंवा वळवायला बांधलेलं ते धरण. राखेचा बांध नदीवर नसतो आणि त्याचा हेतू पाणी अडवणं हा नसतो. झालं! तो धरणच नाही. राखेसाठी दुसरे नियम आहेत, १९९९ पासून अधिसूचना निघताहेत, पण त्यांचा मुख्य रोख राख विटांत, सिमेंटात, रस्त्यात वापरून संपवण्यावर. ते चांगलंच आहे. मात्र जुनी साचलेली राख तिथेच असते, तिच्याभोवतीची पाळही तिथेच असते.

हे दुखणं काही आपल्या एकट्याचं नाही. २२ डिसेंबर २००८ च्या रात्री अमेरिकेत टेनेसी राज्यात किंग्स्टनच्या वीजकेंद्राचा राखेचा बांध फुटून सुमारे ४१ लाख घनमीटर राडा बाहेर आला. आपल्याकडे मध्य प्रदेशात सिंगरौलीजवळ सासन इथे १० एप्रिल २०२० ला राखेचा बांध फुटला, तेव्हा टाळेबंदी होती, बातमी कुठल्या कुठे दबून गेली. सहा जीव गेले.

पण मास्तर म्हणून मला झोप येऊ देत नाही ते वेल्समधलं अबरफॅन. तिथे खाणीतला टाकाऊ माल डोंगरावर रचत असत. सातव्या क्रमांकाचा ढीग १९५८ पासून एका झऱ्यावर रचला जात होता (आता झऱ्यावर कोणी काही रचतं का? आमच्या पाळीवरच्या कुठल्याही अडाणी म्हाताऱ्याने नको म्हटलं असतं). खाली पँटग्लास नावाची प्राथमिक शाळा होती. १९६३ मध्ये नगरपालिकेच्या अभियंत्याने शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या या पातळ राड्याचा धोका आहे असं लेखी कळवलं. १९६५ मध्ये मुलांच्या आयांनी अर्ज केला, तो मुख्याध्यापिकेने पुढे पाठवला. कागद हलले, ढीग हलला नाही. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. सकाळी सव्वानऊच्या सुमारास, मुलं नुकतीच वर्गात बसली होती, हजेरी चालली असेल, तोच तो ढीग वितळल्यासारखा खाली आला. १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. ती मुख्याध्यापिकाही.

हजेरीच्या वेळी वर्गात एक विशिष्ट शांतता असते. मला ती चांगली माहीत आहे.

चौकशी मंडळाने कोळसा मंडळाला दोषी ठरवलं. त्यानंतर खाणींच्या ढिगाऱ्यांसाठी तिकडे १९६९ मध्ये वेगळा कायदा झाला. वेगळा, हे महत्त्वाचं. टाकाऊ वस्तूच्या ढिगालाही पाळ असते आणि ती कोणीतरी राखावी लागते, एवढं त्यांनी मुलं गमावून लिहून ठेवलं.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, खसाळा कुठे, भिवापूर कुठे! सत्तर-ऐंशी किलोमीटर लांबच्या राखेचं तुम्हाला काय? तर नकाशा पाहा. कोलार कन्हानला मिळते. नागपूरची नाग नदी शहराची सगळी घाण घेऊन कन्हानलाच येते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत उतरते, आणि आंभोऱ्याच्या खाली पाणी तटतं ते गोसीखुर्दला. राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ ला भूमिपूजन झालेलं हे धरण. त्याच जलाशयातून मोखाबर्डीच्या उपसा योजनेने पाणी आमच्या भागातल्या शेतांना येतं. म्हणजे वरच्या नगरीने जे जे टाकलं, ते आमच्या धरणाच्या पोटात. धरणाची पाळ सरकार राखतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पोटातल्या गाळाची, वरून काय आलं आणि किती आलं याची, रोजची नोंद कोण ठेवतं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मी आंभोऱ्याला चैतन्येश्वराच्या दर्शनाला गेलो होतो. खाली उतरून सवयीने ओंजळीत पाणी घेतलं. बरोबरचा नातू म्हणाला, आबा, पिऊ नका हं ते. मी पिणार नव्हतोच, नितळ आहे का तेवढं पाहत होतो. नव्हतं. पण पावसाळ्यात कोणतंही पाणी गढूळच असतं, त्यावरून काही ठरत नाही.

चंद्रपूर, परळी, भुसावळजवळचं दीपनगर, नाशिकचं एकलहरे, अकोल्याकडचं पारस... आपले नातेवाईक आणि ब्लॉगवाली मंडळी या सगळ्या गावांच्या आसपास आहेत. तुमच्याकडच्या राखेच्या पाळीवर झडीच्या रात्री कोणी फेरी मारतं का? असेल तर त्याचं नाव नको, पण तो पायथ्याशी वाकून पाणी पाहतो का, एवढं मला जरूर कळवा.