दुष्काळ कोणीं ठरवावा ?



शहरांत नोकरी करणाऱ्या गृहस्थाच्या पगारांतून दरमहा 'व्यवसाय कर' या नांवाची एक लहानशी रक्कम वजा होते. ती कां, हें विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. रक्कमच इतकी किरकोळ कीं विचारावें तरी कशाला! परंतु या वजावटीच्या मागें दुष्काळांत जन्मास आलेल्या एका कायद्याची हकीकत आहे.

दुष्काळपीडितांस काम देऊन जगवावें, ही कल्पना आपणांकडे जुनीच. १८७६ ते १८७८ च्या घोर दुष्काळांत दख्खनमध्यें सरकारी कामें निघालीं होतीं. पण खर्चाच्या धास्तीनें सर रिचर्ड टेंपल यांनीं १८७७ मध्यें धडधाकट पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य व एक आणा येथवर खालीं आणण्याचा आग्रह धरला. पुण्याची सार्वजनिक सभा त्या वेळीं गांवोगांवची माहिती जमवून सरकारकडे अर्ज पाठवीत होती. पुढें १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ-संहिता तयार झाल्या आणि कारभारास शिस्त आली. संशयाच्या वेळीं चांचणीदाखल थोडीं कामें उघडावयाचीं, किती माणसें येतात तें पाहावयाचें, अशीहि पद्धत होती. पण पाहणारा आणि ठरविणारा सरकारी अधिकारीच. दुष्काळ जाहीर झाला तर काम. न झाला तर ज्यानें त्यानें आपलें दैव पाहावें.

ही रीत उलटी करण्याचा विचार वि. स. पागे यांनीं धरला. विधान परिषदेचे ते सभापति; सांगली जिल्ह्यांतील तासगांवकडील खेड्यांचें दारिद्र्य त्यांस जवळून ठाऊक होतें. १९७२ मध्यें योजना निघाली न निघाली तोंच महाराष्ट्र दुष्काळाच्या तोंडीं सांपडला. मे १९७३ मध्यें सुमारें ५० लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. या प्रचंड अनुभवानंतर १९७७ मध्यें रोजगार हमीचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला.

या कायद्याचें मर्म एवढेंच कीं, ग्रामीण भागांतील ज्या प्रौढ माणसाची अंगमेहनतीची तयारी आहे, त्यानें काम मागावें. सरकारनें पंधरा दिवसांत तें द्यावें. न दिल्यास भत्ता द्यावा. म्हणजे आतां गरज आहे कीं नाहीं हें मजूर सांगणार ! दान मागणारा आणि हक्क मागणारा यांच्या उभें राहण्यांतच फरक असतो. शिवाय मजुरी कामाच्या मापावर. खणलेली माती पुरुषानें खणली कीं बाईनें, हें माप विचारीत नाहीं. त्यामुळें या कामांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येनें आल्या. शेतावरच्या मजुरींत त्यांस अशी बरोबरी क्वचितच मिळत असे.

पैसा कोठून आणावयाचा, या प्रश्नाचें उत्तर म्हणजेच तो व्यवसाय कर. १९७५ मध्यें तो लागू झाला, आणि इतर कांहीं करांसह त्याचें उत्पन्न रोजगार हमी निधीकडे वळविण्यांत आलें. तितकीच भर सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावयाची असें ठरलें. मुंबईच्या कारकुनाचा आणि माणदेशांतील मजुराचा संबंध असा कायद्यानें जोडला गेला. कारकुनास याची खबर नव्हती, ही गोष्ट निराळी.

अंमलबजावणी मात्र कायद्याइतकी उदार नव्हती. काम मागितल्याचा अर्ज मुळांत नोंदलाच नाहीं, तर पंधरा दिवस मोजावयाचे कोठून ? १९८८ मध्यें मजुरीचे दर बरेच वाढले आणि त्यानंतर कामांवरील संख्या घटली. खेड्यांतली गरज एकाएकीं ओसरली असें मानावयास मी तयार नाहीं. अभ्यासकांनींहि दाखविलें आहे कीं, खर्च वाढतांच नवीं कामें उघडण्यांत हात आखडला गेला. ठरविण्याचा जो अधिकार कायद्यानें मजुराच्या हातीं दिला होता, तो कचेरीच्या मागल्या दारानें परत गेला.

२००५ मध्यें संसदेनें देशभरासाठीं रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हां महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. त्या कायद्यानें एका कुटुंबास वर्षाकाठीं १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यांत दिवसांची मर्यादा घातलेली नव्हती.