आठ पेल्यांचे पान

पत्त्यांचा कॅट घरात नाही अशी दिवाळी मला आठवत नाही. फराळ झाला, भांडी आवरली, की माजघरात सतरंजी पडायची आणि बदामसातचा डाव मांडला जायचा. म्हणून मागच्या भाऊबीजेला पुण्याहून आलेल्या भाचीने पिशवीतून पत्ते काढले, तेव्हा मी सवयीने विचारले, "कितीजणांत वाटतेस?"

"आत्या, हे वाटायचे नाहीत. टॅरोचे आहेत. तू एक पान काढायचंस आणि त्यात काय दिसतं ते सांगायचं."

"म्हणजे पोपटवाल्याचा धंदा सुरू केलास की काय?"

ती हसली. म्हणाली, "भविष्य नाही गं सांगत मी. दर रविवारी एक पान काढते, आणि ते बघून मनात येईल ते वहीत लिहिते. बस्स, एवढंच."

मी पडले शाळामास्तरीण. वर्गात शकुन-अपशकुनांची खिल्ली उडवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण सणाचा दिवस, पोरीचे मन कशाला मोडा, म्हणून एक पान ओढले. त्यावर रात्रीचे चित्र होते. पुढे आठ पेले रचलेले, खालच्या ओळीत पाच, वरच्या ओळीत तीन. आणि त्या तिघांच्या मध्ये एका पेल्याएवढी जागा रिकामी. मागे काठी टेकीत डोंगराकडे निघालेला, तांबडी वस्त्रे ल्यालेला एक पाठमोरा माणूस. वर चंद्र, तोंड खाली करून पाहणारा.

"घर सोडून निघालाय," मी म्हटले. "रागावून."

भाची काही बोलली नाही. मीही चहा टाकायला उठले. जाताना तो कॅट ती फडताळावर ठेवून गेली. विसरली की मुद्दाम ठेवला, देव जाणे.

पान मात्र मनातून जाईना. मग नाताळच्या सुट्टीत मी या पत्त्यांच्या कुळाचा शोध घेतला. वाचकहो, त्यात मला पहिला धक्का बसला तो हा, की ज्यांना लोक गूढ, प्राचीन, मंत्रसिद्ध वगैरे समजतात ते हे पत्ते मुळात आपल्या सतरंजीवरच्या पत्त्यांसारखेच खेळायचे पत्ते आहेत.

युरोपात पत्ते आले ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या मुलखातून. तसला एक जुना जोड इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. त्यात पेले, नाणी, तलवारी आणि पोलो खेळायच्या काठ्या असे चार रंग आहेत. इटलीतल्या लोकांना पोलो ठाऊक नव्हता. त्यांनी काठ्यांचे सरळ सोटे करून टाकले! या जोडातल्या एका पानावर अरबीत 'कंजिफा' असा शब्द आहे. तो वाचला आणि मी कोकणातली बाई एकदम घरी पोचले. आमच्या सावंतवाडीचा गंजिफा तो हाच शब्द. तिथल्या राजवाड्यात आजही लाखेच्या रोगणाची ती वाटोळी पाने रंगवतात: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, एकूण 120. म्हणजे टॅरो आणि गंजिफा ही एकाच गोतावळ्यातली, दूरदेशी वाढलेली भावंडे म्हणायची.

इटलीत पंधराव्या शतकात या चार रंगांना एक पाचवी चित्रमालिका जोडली गेली. तीत बादशहा, प्रेमिक, दैवचक्र, मृत्यू, चंद्र, सूर्य अशी पाने. ही हुकुमाची पाने. ती बाकीच्यांना मारीत. 1440 साली फ्लॉरेन्सच्या एका नोटरीने आपल्या रोजनिशीत असा जोड मालातेस्ता घराण्यातल्या सिजिस्मोंदोला भेट दिल्याची नोंद केली आहे. किंमत साडेचार ड्युकाट, आणि वर त्या सरदाराचे राजचिन्ह काढून घेतलेले. मिलानच्या सरदारांसाठी सोन्याच्या वर्खावर रंगवलेल्या एका जोडाची 74 पाने आजही शिल्लक आहेत, काही न्यूयॉर्कला, काही बेर्गामोला. या साऱ्यांवर पैज लावून हात जिंकायचे, एवढाच उद्योग होता. बोलोन्यात अन् फ्रान्समध्ये ते खेळ आजही खेळले जातात.

मग गूढ आले कुठून? ते आले पॅरिसहून, 1781 साली. आंत्वान कूर द जेब्लँ नावाचे एक विद्वान गृहस्थ एका बाईंच्या घरी गेले असता तिथे टॅरोचा डाव चालला होता. पाने पाहताच, पाव तासाच्या आत, त्यांनी निर्णय दिला की हा प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा ज्ञानग्रंथ आहे, पत्त्यांच्या वेषात दडवलेला! पाव तास! आमच्या शाळेत फळा पुसायलाही कधीकधी तेवढा वेळ लागतो. गंमत अशी की त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती. ती शांपोल्यांने उलगडली 1822 साली, आणि वाचून पाहता टॅरोचा तीत मागमूस नव्हता. पण तोवर गाडी पुढे गेली होती. पॅरिसमधल्याच आलिएत नावाच्या इसमाने आपले नाव उलटे लिहून 'एतैला' हे भारदस्त नाव धारण केले, 1785 साली टॅरोवरून भविष्य पाहण्याचे पुस्तक काढले आणि चार वर्षांनी भविष्यासाठीच म्हणून खास जोडही छापला.

या भविष्यात लोकांना खरेपणा कसा वाटतो, याचे उत्तर एका मास्तरानेच दिले आहे, याचा मला अभिमान वाटतो. 1948 साली अमेरिकेत बर्ट्राम फोरर यांनी आपल्या 39 विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून एक स्वभाववर्णन लिहून दिले. ते कितपत जुळते याला पाचांपैकी गुण द्या, असे सांगितले. सरासरी पडली 4.26. मग कळले की सगळ्यांना दिलेला कागद एकच होता, आणि त्यातली वाक्ये बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती.

इथे मी पुस्तक मिटायला हवे होते. माझा सारा संशय खरा ठरला होता. पण भाचीच्या हातातला जोड एतैलाचा नव्हता. तो होता पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीचा. जन्म लंडनमध्ये 1878 साली, बालपणातली काही वर्षे जमेकात, शिक्षण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, तेही पदवीवाचून. पुढे लंडनच्या नाटकमंडळींत वावरून, चित्रे काढून ती पोट भरी. 1909 साली आर्थर वेट नावाच्या गूढवाद्याने सांगितले म्हणून तिने हा 78 पानांचा जोड काढून दिला. रायडर कंपनीने तो छापला. मोठे काम केले आणि पैसे अगदी थोडे मिळाले, असे तिने न्यूयॉर्कच्या स्टीग्लिट्झ यांना पत्राने कळवले आहे. जोडाला नाव पडले रायडर आणि वेट यांचे. ती 1951 साली कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी वारली, तेव्हा देणी फेडण्यासाठी तिच्या चीजवस्तू विकाव्या लागल्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिने आपल्या नावाच्या आद्याक्षरांची वेटोळी सही केली होती, म्हणून बरे.

तिने केले काय? साध्या अंकाच्या पानांवर जुन्या जोडांत बहुधा नुसते आठ पेले असत, जशी आपल्या बदाम अठ्ठीवर नुसती आठ बदामे. स्मिथबाईंनी तिथे माणूस आणला. कुणी अंथरुणात उठून तोंड झाकून बसलेला, कुणी कुदळीवर हनुवटी टेकून पीक पाहणारा, कुणी पाठमोरा. तो कोण, कुठे निघाला, हे चित्र सांगत नाही. ते पाहणाऱ्याने सांगायचे. पुढे 1935 साली हार्वर्डमध्ये ख्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी अशीच एक रीत मानसशास्त्रात आणली: माणसाला चित्र दाखवायचे, गोष्ट सांगायला लावायची, आणि त्या गोष्टीतून त्याचे मन पाहायचे. फोररच्या कागदापुढे आपण नुसती मान डोलावतो. चित्रापुढे मात्र आपल्यालाच तोंड उघडावे लागते.

आणि मी तोंड उघडले होतेच. "घर सोडून निघालाय. रागावून."

माझा दादा सहा वर्षांत माझ्याकडे भाऊबीजेला आलेला नाही. अण्णा गेल्यावर घर आणि काजूची बाग यांचे हक्कसोडपत्र माझ्यापुढे आले, मी सही केली नाही, आणि दादा रागावून तुटला, असे मी सगळ्यांना सांगत आले. एका कादंबरीतही थोडे वेषांतर करून सांगितले. पोरीने तेवढे येणे सोडले नव्हते.

त्या सुट्टीत एका रात्री फडताळावरचा कॅट काढून ते पान मी पुन्हा दिव्याखाली धरले. पेले पुढे, घरासारखे रचलेले. माणूस जातो आहे तो त्यांच्यापासून. आणि एकाएकी आठवले की त्या दिवशी दादा कुठेच गेला नव्हता. तो पडवीत उभा होता. पाने वाढली होती. "जेवून तरी जा," असे तो म्हणाला होता, आणि पंगतीतून उठून, चपला अडकवून, दुपारच्या उन्हात एस.टी.च्या थांब्याकडे चालत निघाले होते ती मी. सही केली नाही ते चुकले असे मला आजही वाटत नाही. पण हे वाक्य मी कधी कुणाला सांगितले नव्हते. कादंबरीतही ते नाही.

मे महिन्यात भाची आली तेव्हा मी कॅट तिच्या पुढ्यात ठेवला.

"पाहिलेस वाटतं," ती म्हणाली. "पिसू? दुसरं पान काढतेस? पुढे काय ते..."

"पुढचं त्याला काय ठाऊक! तुझ्या बाबांचा नंबर तोच आहे ना?"

तिने माझ्याकडे पाहिले. "तोच आहे."

"सहाच्या सुमाराला घरी असतो का गं?"

"साडेसातनंतर कर, आत्या. तोवर बागेत असतात, आणि तिथं रेंज नसते."