अजिंठा : प्रतींचा इतिहास आणि पाहणाऱ्याची तयारी

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा इतिहास सहसा दोन कालखंडांत सांगितला जातो. पहिला सातवाहनकालीन, म्हणजे नवव्या व दहाव्या चैत्यगृहांचा. दुसरा वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातला, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला, ज्यात पहिले, दुसरे, सोळावे व सतरावे ही लेणी येतात. या दोहोंना आम्ही तिसरा कालखंड जोडू इच्छितो : या चित्रांच्या प्रतींचा. तो १८४४ साली सुरू झाला आणि अजून संपलेला नाही. लेण्यांच्या त्रिमितीय प्रतिमा, आभासी सफरी, मोबाइलवरचे मार्गदर्शक यांविषयी आज जे उत्साहाने बोलले जाते, ते या कालखंडाचे ताजे प्रकरण होय. मागची प्रकरणे न वाचता ते लिहायला घेतले, तर जुन्याच चुका नव्या साधनांनी होतील, अशी आमची धारणा आहे.

एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी वाघूर नदीच्या या दरीत पोहोचला आणि दहाव्या लेण्यातील एका चित्रित खांबावर त्याने आपले नाव कोरून ठेवले. पंचवीस वर्षांनी ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल याची प्रती करण्याच्या कामावर नेमणूक केली. गिलने आयुष्याची पुढची अनेक वर्षे इथे घालवली. अजिंठा गावातील पारोच्या समाधीमुळे आणि ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यामुळे मराठी वाचकाला तो प्रेमकथेचा नायक म्हणून परिचित आहे. त्याचे मुख्य काम मात्र मोठमोठ्या तैलप्रतींचे. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत मोजक्या काही वगळता जळून गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह तेच काम नव्याने आरंभले. सुमारे तीनशे प्रती तयार झाल्या. त्यांतल्या शंभरांहून अधिक १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील आगीत नष्ट झाल्या. १९१७ मध्ये आराई काम्पो या जपानी चित्रकाराने प्रती केल्या, त्या १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात गेल्या.

या योगायोगात दैवाचा हात शोधण्याचे कारण नाही. प्रत एकच असेल आणि ती एकाच छपराखाली असेल, तर ती मूळ चित्रापेक्षाही अल्पायुषी ठरू शकते, एवढाच त्याचा अर्थ. डिजिटल प्रतीची पहिली खरी किंमत इथे कळते : ती अनेक ठिकाणी एकाच वेळी राहू शकते. पण राहू शकणे आणि राहणे यांत अंतर आहे. ती सांभाळणारी माणसे व त्यांचा खर्च भागवणारी व्यवस्था नसेल, तर तीही एक दिवस उघडेनाशी होते.

प्रतींची दुसरी किंमत मूळ चित्रांनी मोजली. रंग उजळून दिसावेत म्हणून प्रतकारांच्या काळात भिंतींवर व्हार्निश चढले. पुढे निजामाच्या राज्यात गुलाम याझदानी पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असताना १९२० ते १९२२ या काळात इटालियन तज्ज्ञ बोलावले गेले. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी जागेवर बसवला, हे त्यांचे उपकारच. परंतु त्यांनी वापरलेले शेलॅक काळाबरोबर पिवळे पडले आणि त्याखाली रंग झाकोळले. १९९९ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी नवव्या व दहाव्या लेण्यातील काही भागांवरचे हे थर काढले, तेव्हा खालची प्राचीन चित्रे पुन्हा दिसू लागली. दरम्यान बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकात अत्यंत मंद प्रकाशात, भिंतीला धक्का न लावता छायाचित्रे घेऊन दाखवली. पाहण्यासाठी स्पर्श करावा लागत नाही, हे छायाचित्रणाने सिद्ध केले; आजचे स्कॅनर त्याच वाटेवर पुढे गेले आहेत.

तिसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. प्रतीत काय दाखवायचे : आज भिंतीवर उरले आहे ते, की एके काळी असावे असे वाटते ते? १९०९ ते १९११ या काळात क्रिस्टियाना हेरिंगहॅम नंदलाल बोस, असितकुमार हलदार आदी तरुण चित्रकारांसह इथे आल्या. त्यांच्या प्रतींत गळून गेलेले भाग भरून काढण्याकडे कल दिसतो. संगणकाने हे काम फार सोपे केले आहे, आणि म्हणूनच धोक्याचे. पोपडा निघालेल्या जागी यंत्र क्षणात एक डोळा, एक मोत्यांचा सर काढून देईल. पाहणाऱ्याला तो वाकाटककालीन वाटेल. आमचे म्हणणे असे की, भरलेला भाग आणि मूळ भाग हे नेहमी वेगवेगळे करून पाहता आले पाहिजेत, आणि भर कोणी, कधी, कशाच्या आधारे घातली याची नोंद चित्रासोबतच गेली पाहिजे.

नोंदीचे महत्त्व दोन उदाहरणांनी पटावे. पहिल्या लेण्यातील एका दरबारदृश्यात जेम्स फर्ग्युसन यांना १८७९ मध्ये दुसऱ्या पुलकेशीच्या भेटीस आलेला इराणी वकील दिसला. या एका ओळखीपायी लेण्याचा काळ सातव्या शतकात ओढला गेला, आणि मार्गदर्शक पुस्तकांतून तो वकील पिढ्यान्‌पिढ्या मुजरा करत राहिला. डीटर श्लिंगलोफ यांनी हे दृश्य महासुदर्शन राजाच्या कथेतले असल्याचे दाखवले. तसेच सोळाव्या लेण्यातील ‘मरणोन्मुख राजकन्या’. तिच्या चेहऱ्यावरील मृत्यूच्या छायेचे गुणगान कितीजणांनी केले असेल! वस्तुतः ती बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी. पती भिक्षू झाल्याची वार्ता आणि त्याचा मुकुट समोर येताच ती कोसळली आहे. हे कळल्यावर चित्राची रेघही बदलत नाही, पण प्रेक्षक पूर्ण वेगळे चित्र पाहू लागतो. प्रतिमा कितीही सूक्ष्म असो, तिच्याखालची ओळ चुकली तर ती चूकच अधिक सुबकपणे हजारोंपर्यंत पोहोचते.

पर्यटकाचा संबंध येतो तो इथे. लेण्यात त्याला थोडीच मिनिटे मिळतात. उजेड मंद असतो आणि तो तसाच असायला हवा. गर्दीच्या श्वासाने वाढणारी आर्द्रताही रंगांना मारक आहे. शिवाय अजिंठ्याच्या चित्रकाराने कथा काळाच्या क्रमाने मांडलेली नाही. एकाच स्थळी घडणारे प्रसंग तो पुष्कळदा शेजारीशेजारी रंगवतो, मग त्यांच्यामध्ये वर्षे का लोटलेली असेनात. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकासमोर उभा राहून डावीकडून उजवीकडे वाचू पाहणारा मुलगा हरवणारच. ही वाट त्याला आत शिरण्याआधी, मोठ्या पडद्यावर आणि त्याच्या भाषेत उलगडून दाखवता येते.

ज्या बौद्ध परंपरेने अजिंठा घडवला, तिच्याच चीनमधील वाटेवर तुनह्वाङची लेणी आहेत. तिथे २०१४ पासून पर्यटक आधी केंद्रात चित्रपट पाहतो, मग मोजक्याच लेण्यांत जातो. त्यामुळे मूळ चित्रांसमोर गर्दीचा मुक्काम कमी होतो. आपल्याकडेही जपानी कर्जसाहाय्यातून अजिंठ्याच्या पायथ्याशी पर्यटक केंद्र उभे राहिले, चार लेण्यांच्या प्रतिकृती झाल्या, २०१३ मध्ये ते खुले झाले. कल्पना उत्तम होती. पण काही वर्षांतच थकलेल्या बिलांपायी ते बंद पडले. त्यात तंत्रज्ञान कुठेही कमी पडले नव्हते.

आणखी एक काम मात्र आज शक्य झाले आहे, जे गिल किंवा याझदानी यांच्या आवाक्यात नव्हते. ग्रिफिथ्स यांच्या उरलेल्या प्रती लंडनमध्ये आहेत. व्हिक्टर गोलुबेव्ह यांनी १९११ साली घेतलेली छायाचित्रे, याझदानी यांचे १९३० ते १९५५ मधील खंड, बहल यांची छायाचित्रे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. एकाच भिंतीची ही सारी रूपे सालवार शेजारी ठेवली, तर शंभर-सव्वाशे वर्षांत कोणता हात गळाला, कोणता चेहरा काळवंडला, हे सहलीला आलेल्या शाळकरी मुलालाही दिसेल. अशी रूपे पाहून मग तो लेण्यात शिरला, तर खांबावर नाव कोरण्याआधी त्याचा हात थबकेल, असे आम्हांस वाटते. पर्यटन समृद्ध होणे याचा याहून नेमका अर्थ आम्हांस सुचत नाही.