माफीनाम्याचा कागद

आमचे वकील काका म्हणत, “कोर्टाच्या बेअदबीत कायद्याच्या पुस्तकापेक्षा माफीनाम्याचा कागद जड!” बाहेरच्या लिखाणाबद्दल खालचे कोर्ट शिक्षा करीत नाही; प्रकरण हायकोर्टाकडे धाडते. तोंडावर अपमान झाला, तर मात्र त्याच दिवशी दंड ठोठावू शकते. दोन्हीकडे खऱ्या माफीने सुटकेची वाट आहे. १९७१ च्या कायद्यानेही ती ठेवली. एरव्ही ६ महिने साधी कैद, २,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

नारायण पेठेतल्या गायकवाडवाड्यावरून जाताना मला तात्यासाहेब केळकर आठवतात. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना ६ वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यावर ‘मराठा’त लिहिल्याबद्दल संपादक केळकरांना १४ दिवस कैद आणि १,००० रुपये दंड झाला. एकेकाळी साताऱ्यात वकिली केलेल्या माणसाला यातला धोका का ठाऊक नव्हता? तरी लेखणी थांबली नाही.

पुढे एका न्यायाधीशाचे पत्र ‘यंग इंडिया’त छापल्याबद्दल गांधींवर हाच आरोप आला. त्यांनी माफी नाकारली. १९२० मध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांना कडक समज देऊन सोडले. काकांचा कागद तिथे कोराच राहिला; पण कोर्टाचा मान त्यामुळे उणावला, असे मला वाटत नाही.