औषधाच्या आधी निरोप

गेल्या दिवाळीतली गोष्ट. पहाटेचे अभ्यंगस्नान आटोपून मी फराळाच्या ताटावर बसलो होतो. चकलीचा पहिला तुकडा मोडतो न मोडतो तोच शेजारच्या काकू दारात उभ्या राहिल्या. हातात मोबाईल, चेहरा उतरलेला. “गुरुजी, हे खरं हाये का जी?” असे म्हणून त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

नातवाला तीन दिवसांपासून ताप होता. पुण्याच्या कुणा भाच्याने निरोप पाठवला होता की, पपईच्या पानांचा रस पाजा, डेंग्यू असला तरी पळून जातो, डॉक्टरकडे जाण्याचे काम नाही. या निरोपाच्या वर पणत्यांची चित्रे आणि शुभेच्छा होत्या. खाली गावच्या गटावर आमच्या आशाताईंचा दोन ओळींचा निरोप होता : ताप दोन दिवसांपेक्षा जास्त असेल तर घरी थांबू नका, रक्त तपासून घ्या. एकाच पेटीत दोन निरोप. काकूंनी विश्वास ठेवावा तरी कुणावर?

त्या पोराचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. पण काकूंचा तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. रोगावर औषध निघते, ते आपणांस ठाऊक असते. औषध शोधणाऱ्यांची चरित्रे आपण मुलांना शिकवतो. पण औषध गावात येण्याआधी निरोप यावा लागतो, आणि तो कुणी आणला यावर पुष्कळ अवलंबून असते. या निरोपाचा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यापुरता तो सांगण्याचा हा प्रयत्न.

आज आपण ज्याला यवतमाळ जिल्हा म्हणतो तो इंग्रजी अमलात पूर्वी वणी जिल्हा या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. त्या काळी गावात सरकार दोन मार्गांनी पोचत असे. एक म्हणजे कोतवालाची दवंडी. डफ वाजला की बायका दारात येत, पोरे मागे धावत, आणि कोतवाल वरून आलेला हुकूम मोठ्याने सांगे. दुसरा मार्ग उलट्या दिशेचा, गावाकडून सरकारकडे जाणारा. तो म्हणजे कोतवाल बुक. गावातला जन्म, गावातला मृत्यू त्यात नोंदला जाई. आज जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांचे नाव शोधायला लोक त्याच जुन्या बुकांच्या नकला काढतात. पण त्याचा मूळ हेतू गावाची खबर वर पोचावी हा होता.

दवंडी वरून खाली येई आणि बुक खालून वर जाई. पण दवंडीला उलट विचारता येत नसे, आणि बुकात फारसे काही सांगता येत नसे. त्या काळातल्या गावोगावच्या मृत्यूच्या नोंदी पाहिल्या तर कारणाच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच शब्द भेटतो : ताप. हिवताप असो, विषमज्वर असो की न्यूमोनिया असो, सरकारच्या दप्तरी सगळा तापच.

नुसत्या हुकमाने काय होते याचा धडा १८९६ च्या प्लेगने दिला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच वर्षी साथरोगांचा कायदा आला. घरांची झडती, रोग्याला उचलून इस्पितळात नेणे, सामानाची होळी, हे सगळे वरून खाली आले. लोकांना कुणी काही विचारले नाही आणि समजावूनही फारसे सांगितले नाही. जिथे निरोप जात नाही तिथे अफवा जाते. इस्पितळात नेऊन माणसे मारतात, त्यांच्या अंगातले तेल काढतात, असल्या गोष्टी चाळीचाळींतून पसरल्या. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. पुण्यात या धुमसत्या रागाचे पर्यवसान २२ जून १८९७ ला रँडवरील गोळीबारात झाले, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. तेव्हा कुणाच्या हातात मोबाईल नव्हता. अफवेला यंत्र लागत नाही, तिला फक्त अविश्वास लागतो.

त्याच धामधुमीत एक वेगळी गोष्टही घडली. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. लोकांना त्याने आधी आपला दंड दाखवला आणि मग त्यांचा मागितला. हा प्रसंग वाचकांनी लक्षात ठेवावा; त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाने तर निरोपाला सवडच दिली नाही. जूनमध्ये तो मुंबईच्या बंदरात उतरला आणि पावसाळा सरता सरता आगगाडीच्या मार्गांनी देशभर पसरला. देशात सव्वा कोटींच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक माणसे गेली, आणि मध्यप्रांत व वऱ्हाड हा आपला मुलूख सर्वांत जास्त पोळलेल्या प्रांतांत होता. कितीतरी ठिकाणी नोंद करणारेच आजारी पडले. जे मृत्यू नोंदले गेले तेही बहुतेक तापाच्याच रकान्यात.

स्वातंत्र्यानंतर निरोप्यांची तऱ्हा बदलली. १६ जुलै १९४८ ला नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि विदर्भातल्या चावडीवर आपल्या भाषेत बोलणारा आवाज आला. १९५३ पासून हिवतापाविरुद्धची मोहीम सुरू झाली. पुढे हिवतापाचा कर्मचारी पंधरवड्याला घरोघर येई, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेई, आणि जाताना भिंतीवर तारीख लिही. हल्ली फेसबुकवरच्या आपल्या जागेला लोक ‘भिंत’ म्हणतात. आरोग्य खात्याने आमच्या मातीच्या भिंतीवर लिहायला त्याच्या पन्नास वर्षे आधीच सुरुवात केली होती!

पण निरोपाची खरी करामत दिसली ती देवीच्या निर्मूलनात. देवीचा रोग म्हणजे घरात आलेली माता, तिला दुखवायचे नाही, हा समज पिढ्यान्‌पिढ्यांचा. मुंबईत १८०२ मध्ये पहिली लस टोचली गेली. तरी पावणेदोनशे वर्षे देवी देशात ठाण मांडून होती. नुसत्या टोचण्याने ती हटली नाही. १९७३-७४ च्या सुमारास कार्यकर्त्यांनी वेगळा मार्ग धरला. देवी आलेल्या बाळाच्या चित्राचे एक छोटे पत्रक घेऊन ते घरोघर, बाजारात, शाळांत फिरू लागले. “असे कुणाला झाले आहे का?” एवढेच विचारायचे. पुष्कळदा उत्तर मिळे ते शाळेतल्या पोरांकडून, कारण गावात कुणाच्या घरी काय आहे हे पोरांइतके कुणालाच ठाऊक नसते. खबर देणाऱ्याला बक्षीस असे, आणि १९७५ मध्ये ते १००० रुपयांपर्यंत चढले. खबर आली की त्या घराभोवतीच्या सगळ्यांना टोचून रोग तिथेच कोंडायचा. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला.

माझ्या मते या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे पान. कारण इथे पहिल्यांदा वरच्यांनी खालच्यांना हुकूम सोडला नाही, तर प्रश्न विचारला. नेमक्या त्याच वर्षांत उलट उदाहरणही घडले. आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली; महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीचे विधेयकच संमत केले. ते कायद्यात उतरले नाही, पण सरकारी गाडी दिसली की शेतात पळायचे ही त्या काळची भीती पुढे कितीतरी वर्षे सुईच्या आड येत राहिली.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्याबरोबर आली आशा. ही आशा म्हणजे बाहेरून आलेली बाई नव्हे; गावातलीच सून, कुणाची वहिनी, कुणाची काकू. बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायचे, बाळाचे वजन पाहायचे, लसीची तारीख लक्षात ठेवायची, हे तिचे काम. पुढे तिच्या हातात मोबाईल आला आणि मोबाईलमध्ये व्हॉट्सअॅप. आमच्या जिल्ह्यात झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा या भागांत कोलामांचे पोड आहेत, दिग्रस-पुसदकडे बंजाऱ्यांचे तांडे आहेत. पावसाळ्यात नाला भरला की पोड आणि दवाखाना यांच्यामध्ये अर्धा दिवस उभा राहतो. तिथून आशा अंगावरच्या पुरळाचा फोटो पाठवते आणि उपकेंद्रातल्या नर्सबाई वा डॉक्टर पाहून सांगतात की थांबा, किंवा ताबडतोब निघा. लिहिता न येणाऱ्यालाही बोलका निरोप धाडता येतो, मग तो कोलामीत असो की गोरमाटीत. मार्च २०२० मध्ये देशात दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम आले, त्यांत अशा संवाद-साधनांवरून डॉक्टरांनी सल्ला देण्याला रीतसर मान्यता मिळाली. करोनाच्या काळात लसीचे प्रमाणपत्रही याच वाटेने घरी आले. दवंडी आणि कोतवाल बुक, खाली येणारा निरोप आणि वर जाणारी खबर, ही दोन्ही इतक्या वर्षांनी एका पेटीत एकत्र आली.

पण त्याच पेटीत अफवाही आली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुले पळवणारे समजून भिक्षेकरी समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. त्याआधी तशा अफवा मोबाईलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने एक निरोप एका वेळी पाच ठिकाणांहून अधिक पुढे ढकलता येऊ नये असे बंधन भारतात घातले. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम शाळाशाळांत आली.

ती मोहीम मी वर्गात उभा राहून पाहिली. आदल्या रात्री पालकांच्या मोबाईलवर कुठूनसा निरोप फिरला की ही सुई घेतली की पुढे मुलेबाळे होत नाहीत. सकाळी माझ्या वर्गातली निम्मी बाके रिकामी. जी मुले आली त्यांचेही पालक फाटकाशी घोळका करून उभे. मी खोटेपणा समजावून सांगू लागलो, तर एक आजोबा म्हणाले, “गुरुजी, तुमचं बराबर असन, पण लेकरू आमचं हाये.” मला उत्तर सुचेना. तेवढ्यात आशाताई पुढे झाल्या. त्यांचा धाकटा मुलगा तिसरीत होता. त्यांनी त्याला बोलावले, बाही वर केली आणि सगळ्यांच्या देखत पहिली सुई त्याला द्यायला लावली. भाषण केले नाही. मुलगा जरासा रडला, मग खडूचा तुकडा घेऊन खेळायला पळाला. दुपारपर्यंत बरीच बाके भरली. त्या बाईंनी हाफकिनचे नावही ऐकले नसेल.

खोट्या निरोपाचे झाले. खऱ्याचेही ओझे असते. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जीव गेले. रोगी दवाखान्यात येऊ लागले तेव्हापासून शासनाची चौकशी नेमली जाईपर्यंत आठवड्यांवर आठवडे गेले. गावागावांत फोन होते, पण वर जाणारी खबर योग्य कानांवर वेळेत पडली नाही. उलट ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले, ती बातमी बघता बघता देशभर झाली. मुले सुदैवाने बरी झाली, संबंधितांवर कारवाईही झाली. पण दुसऱ्या दिवशी लसीची पेटी खांद्याला लावून दारोदार जायचे होते ते जिल्ह्यातल्या इतर आशांना, ज्यांचा यात काही दोष नव्हता. चूक लपवावी असे मी म्हणत नाही. ती जितक्या त्वरेने कळली तितक्याच त्वरेने मुले बरी असल्याचेही कळावे, एवढेच.

आणखी एक काळजी आहे. डॉक्टरला दाखवायला काढलेला रोग्याचा फोटो गटावर पडतो, गटातून दुसऱ्या गटात जातो. कुणाला क्षय आहे, कुणाचा गर्भ पडला, हे चावडीवर सांगण्याची गोष्ट नव्हे. पूर्वीची दवंडी निदान हुकमाचीच असे, माणसाच्या दुखण्याची नसे. शिवाय हल्ली गटावर वरून आलेल्या सूचनांची आणि मागवलेल्या आकड्यांची इतकी रीघ लागते की आशेला गावाचे ऐकायला वेळ उरत नाही. मग मोबाईल म्हणजे पुन्हा दवंडीच झाली, फक्त डफ लहान झाला.

तर काकूंच्या नातवाची गोष्ट. मी निरोपाचा खरेखोटेपणा सांगत बसलो नाही. तेवढे ज्ञान मला नाही, आणि फाटकापाशी मी ते एकदा शिकलो होतो. मी आशाताईंना फोन लावला आणि मोबाईल काकूंच्या हातात दिला. त्या दोघी बोलल्या. लघवी किती वेळा झाली, हिरड्यांतून रक्त येते का, पोट दुखते का, असे आशाताई विचारत गेल्या आणि काकू सांगत गेल्या. अर्ध्या तासात आशाताई स्वतः आल्या. अंगावर दिवाळीची नवी साडी तशीच होती. पोराला तालुक्याच्या दवाखान्यात नेले, रक्त तपासले, डेंग्यूच निघाला, सलाईन लागले.

भाऊबीजेला संध्याकाळी तो अंगणात फुलबाजी फिरवत होता. काकू ताटात करंज्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, तो पपईचा निरोप मी पुसून टाकला. आशाताईचा ठेवला.”