हुनर, छंद आणि भोके पाडलेल्या पट्ट्या

आपल्या समाजात हुनराची वानवा कधीच नव्हती. मोहल्ल्यातला फिटर, वेल्डर, गॅरेजवाला, सुतार यांच्या हातांवर कित्येक संसार उभे राहिले. मात्र हुनर म्हणजे रोजी, एवढेच आम्ही मानत आलो. तारा, पत्र्याचे तुकडे, रिकाम्या काडेपेट्या जमवून काहीतरी जोडत बसलेले पोर दिसले, की आम्ही त्याला उठवतो. एक तर अभ्यास कर, नाही तर कामाला लाग! या दोहोंच्या मधली जागा आम्ही मुलांना देतच नाही. म्हणूनच एका खेळण्याचा इतिहास आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

इंग्लंडातील लिव्हरपूल शहरात फ्रँक हॉर्नबी (१८६३-१९३६) हा मांसाची आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे कारकून होता. इंजिनिअरिंगचे शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. आपल्या मुलांसाठी तो घरीच पत्रा कापून खेळणी करी. प्रत्येक खेळण्यासाठी नवे भाग कापण्यापेक्षा त्याच भागांतून अनेक वस्तू व्हाव्यात, म्हणून त्याने धातूच्या पट्ट्यांना अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोके पाडली. नट-बोल्ट आवळले की क्रेन. सोडवून पुन्हा जोडले की पूल. १९०१ साली त्याला पेटंट मिळाले आणि १९०७ साली या खेळण्याला 'मेकॅनो' हे नाव मिळाले.

तयार खेळणे मोडले की संपते. हे खेळणे मोडण्यासाठीच होते. त्यामुळे मुलाचे वय वाढले, तरी खेळ संपत नसे. वयाबरोबर मॉडेलही मोठे होत जाई. १९३४ साली मँचेस्टरमध्ये डग्लस हार्ट्री या प्राध्यापकाने आर्थर पोर्टर या विद्यार्थ्याच्या मदतीने मेकॅनोचे भाग वापरून अवघ्या वीसेक पौंडांत अवघड गणिते सोडवणारे यंत्र उभे केले.

हॅरी क्रोटो यांचे उदाहरण तर आपल्या घरांना अधिक जवळचे आहे. त्यांचे आईवडील नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेले निर्वासित. वडिलांनी बोल्टन गावात फुग्यांचा छोटा कारखाना काढला. मुलगा सुटीत तिथे पडेल ते काम करी आणि घरी मेकॅनो जोडी. आपण घडलो त्यात मेकॅनोचा वाटा मोठा, असे त्यांनी पुढे आवर्जून लिहिले. वडील झाल्यावर त्यांनी आपल्या मुलांसाठी पुठ्ठ्याचा आकाशगोल जोडला. १९८५ साली अमेरिकेत कार्बनच्या साठ अणूंच्या रेणूचा आकार शोधताना त्यांना तोच पंचकोन-षट्कोनांचा गोल आठवला. या शोधासाठी रॉबर्ट कर्ल व रिचर्ड स्मॉली यांच्यासह त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले.

मेकॅनोचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ साली बंद पडला. पण बालपणी ज्यांनी त्या पट्ट्या जोडल्या, त्यांनी म्हातारपणीही नट-बोल्ट खाली ठेवले नाहीत. त्यांची मंडळे चालूच राहिली.

जोडणाऱ्या प्रत्येक मुलाला नोबेल मिळत नाही, मिळायचे कारणही नाही. बहुतेकांना मिळाला तो आयुष्यभराचा सोबती. आपल्या मोहल्ल्यात भंगार आहे, पान्हे-पकडी आहेत, शिकवू शकणारे उस्ताद आहेत. उणीव आहे ती फुरसतीची आणि मोठ्यांच्या शाबासकीची. कमाईचा हिशेब न मागता मुलाच्या हाती पाना देणे, एवढे तरी आम्हाला जमायला हवे.