श्वानाला मुंडण नको, विंचरणी हवी

एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीकडे सरकू लागला, की श्वान पाळणाऱ्या अनेक घरांत एकच विचार सुरू होतो : याचे केस मशिनने उतरवून टाकावेत का? त्यामागे माया असली, तरी हा उपाय बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड किंवा आपल्याकडे सरसकट 'पामेरियन' म्हणून ओळखला जाणारा इंडियन स्पिट्झ, अशा मध्यम लांबीच्या केसांच्या श्वानांना गरज असते ती नियमित विंचरण्याची. हे काम घरच्या घरी, फारसा खर्च न करता करता येते.

केसांचे दोन थर

या श्वानांच्या अंगावर बाहेर राठ केस आणि आत मऊ, दाट लव असे दोन थर असतात. ते थंडीप्रमाणेच कडक उन्हापासूनही त्वचेचे रक्षण करतात. माणसाप्रमाणे श्वानाला अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड ठेवतो. त्यामुळे मुंडणाने त्याला गारवा मिळेलच असे नाही, उलट उघडी त्वचा उन्हाने भाजू शकते. स्पिट्झसारख्या जातींत तर उतरवलेले केस कित्येक महिने नीट येत नाहीत. गळालेली लव विंचरून काढली, तर केसांत हवा खेळती राहते. कात्री चालवायचीच, तर तळव्यांमधील आणि शेपटीखालील केसांपुरती, तीही गोल टोकाची.

विंचरावे कसे?

बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश, एका बाजूला विरळ व दुसऱ्या बाजूला दाट दाते असलेला स्टीलचा कंगवा आणि श्वानांसाठीचे नेलकटर एवढे साहित्य पुरते. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. केस गळण्याच्या दिवसांत रोज विंचरावे.

वरवर ब्रश फिरवल्यास वरचे केस चकाकतात, आतला गुंता मात्र तसाच राहतो. म्हणून एका हाताने केस उलटे धरून भांग पाडावा, त्वचा दिसली की तेवढीच बट विंचरावी आणि मग पुढचा भांग घ्यावा. ब्रश त्वचेवर घासू नये. कानांमागे, काखेत, मांड्यांच्या मागे आणि पट्ट्याखाली गुंता अधिक होतो. त्यावर थोडे कॉर्नफ्लोअर भुरभुरून तो बोटांनी मोकळा करावा आणि टोकाकडून मुळाकडे विंचरत जावे. गाठ कात्रीने कापू नये. तिच्यासोबत ओढली गेलेली त्वचाही कापली जाते.

आंघोळ विंचरल्यानंतरच

गुंता भिजला की अधिक घट्ट होतो, म्हणून विंचरल्याशिवाय आंघोळ घालू नये. साधारण तीन ते सहा आठवड्यांतून एकदा आंघोळ पुरेशी असते. श्वानाच्या त्वचेची आम्लता माणसापेक्षा वेगळी असल्याने आपला साबण वा शाम्पू टाळावा. कोमट पाण्याने फेस पूर्ण धुऊन काढावा आणि केस मुळापर्यंत कोरडे करावेत. ओलसर राहिलेल्या लवेखाली त्वचेला संसर्ग होतो. पावसाळ्यात फिरून आल्यावर पोट आणि पाय पुसणे याचसाठी महत्त्वाचे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांखाली जातो, तेव्हा आंघोळ दुपारीच घालावी.

कुसळ आणि गोचीड

पावसाळा सरला की पांडवलेणीच्या परिसरात आणि शहराभोवतीच्या माळांवर गवत वाळते आणि त्याचे कुसळ केसांत अडकते. त्याचे टोक बाणासारखे असल्याने ते पुढेच सरकते आणि बोटांच्या बेचक्यात किंवा कानात रुतते. फिरून आल्यावर या जागा तपासाव्यात. श्वान सतत मान झटकत असेल, तर कानात काडी घालू नये, पशुवैद्यकाला दाखवावे.

गोचीड अधिक घातक. तिच्यामुळे होणारा 'टिक फीवर' जिवावर बेतू शकतो आणि ती चिकटल्यानंतर काही तासांतच जंतू रक्तात शिरू शकतात. दाट केसांत ती नजरेला पडत नाही, मात्र विंचरताना बोटांना लागते. बारीक चिमट्याने ती त्वचेलगत पकडून सरळ, सावकाश ओढावी. तिच्यावर रॉकेल ओतू नये वा ती बोटांनी चिरडू नये. प्रतिबंधक औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, वजन पाहूनच वापरावे. घरात मांजर असल्यास ते आवर्जून सांगावे. श्वानांच्या काही औषधांतील परमेथ्रीन मांजरांना प्राणघातक ठरते.

नखे कापताना आतली रक्तवाहिनी टाळून केवळ टोक काढावे. काळ्या नखांत ती दिसत नाही, तेथे थोडेथोडेच कापावे.

डॉक्टरांकडे केव्हा?

ताप, मंदावलेली भूक, फिकट हिरड्या, नाकातून रक्त किंवा गडद रंगाची लघवी यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे आणि रक्ततपासणीविषयी विचारावे. त्वचेवर ओली, लाल जखम किंवा टक्कल दिसल्यासही घरगुती उपायांत वेळ दवडू नये. अशी लक्षणे सुरुवातीलाच नजरेस येतात ती रोज श्वानाच्या अंगावरून हात फिरवणाऱ्याच्या. विंचरण्याचा खरा लाभ तोच. केसांची चकाकी त्यानंतरची.